बी.कॉम. झालंय, आता नर्सिंग करायचंय: जीएनएम की बी.एस्सी.?

आमच्या गल्लीतली एक मुलगी बेळगावच्या उद्यमबागेत एका फौंड्रीच्या ऑफिसात हिशेब बघते. वय २८, बी.कॉम., टॅलीवर हात बसलेला. तिचे वडील लकवा मारून ११ दिवस दवाखान्यात होते. त्या ११ रात्री ती त्यांच्या उशाशी बसून होती आणि रात्रपाळीच्या सिस्टर काय काय करतात ते बघत होती. महिन्याभरानं एका संध्याकाळी ती आमच्याकडे आली आणि चहा पिता पिता म्हणाली, "अक्का, मला नर्सिंग करायचंय. डिग्री तर आहे, मग डायरेक्ट सेकंड इयरला घेतील न्हवं?"

घेणार नाहीत. हा प्रश्न मला वर्षातून चार-पाच जण तरी विचारतात आणि उत्तर ऐकून प्रत्येकाचा चेहरा उतरतो. मी स्वतः लग्नानंतर, सत्ताविसाव्या वर्षी जीएनएमला, म्हणजे नर्सिंगच्या डिप्लोमाला गेले. त्याआधी पाच वर्षं बालवाडीत शिकवत होते. त्यामुळे त्या उतरलेल्या चेहऱ्यामागं काय चाललेलं असतं ते मला माहीत आहे. तिला त्या संध्याकाळी जे सांगितलं तेच इथं सविस्तर लिहिते आहे.

आधी पदवीचा गैरसमज काढून टाकू. अमेरिकेत दुसऱ्या कुठल्याही विषयातली पदवी असलेल्यांसाठी १२ ते १८ महिन्यांचे जलद नर्सिंग अभ्यासक्रम असतात. मोबाइलवर त्यांचे व्हिडिओ फिरतात आणि आपल्याकडेही तसं काही असेल असं वाटायला लागतं. भारतात तसा मार्ग नाही. तुमची बी.ए., बी.कॉम., डी.एड., अगदी एम.बी.ए.सुद्धा नर्सिंगचं एक वर्षही कमी करत नाही. डिप्लोमा झालेला मुलगा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला जातो, तसली सोय इथं नाही. कारण नर्सिंगच्या शिक्षणात नुसते विषय नाहीत, तास मोजले जातात: वॉर्डात किती तास, प्रसूतिगृहात किती, ऑपरेशन थिएटरात किती, गावात घरोघरी फिरण्यात किती. पाच वर्षं हिशेब लिहिणाऱ्या माणसाकडे त्यातला एकही तास नसतो.

मग प्रवेशाच्या वेळी बघतात काय? तुमची बारावी. आपल्या भाषेत सेकंड पीयू. दहा वर्षांपूर्वी तुम्ही पीसीएमबी, म्हणजे सायन्स घेतलं होतं, कॉमर्स घेतलं होतं की आर्ट्स, यावर आज तुमच्यासमोर कुठलं दार उघडं आहे ते ठरतं. म्हणून कपाटातून पहिल्यांदा बाहेर काढायची ती पीयूसीची मार्कशीट.

दारं कुठली कुठली आहेत

एएनएम, म्हणजे ऑक्झिलरी नर्स मिडवाइफ, हा २ वर्षांचा अभ्यासक्रम, फक्त महिलांसाठी. बारावी कुठल्याही शाखेची चालते, वय १७ ते ३५. एएनएम ताई म्हणजे उपकेंद्राची सिस्टर: लसीकरण, गरोदर बायकांची तपासणी, घरभेटी. साधारण ५,००० लोकवस्तीमागं एक उपकेंद्र असतं आणि डोंगराळ भागात ३,००० मागं. खानापूरच्या जंगलपट्टीतल्या गावांना या ताईचा केवढा आधार असतो ते तिथल्या माणसांना विचारा. पण एएनएमची नोंदणी वेगळी असते, मोठ्या दवाखान्यात स्टाफ नर्स म्हणून ती चालत नाही. गावातच काम करायचंय असं पक्कं ठरलेलं असेल तरच हा मार्ग घ्या.

जीएनएम म्हणजे जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी, ३ वर्षांचा डिप्लोमा. बारावी कुठल्याही शाखेची, सायन्स असेल तर उत्तम. इंग्रजीत पास आणि एकूण किमान ४० टक्के. वय १७ ते ३५. मुलांनाही प्रवेश आहे. हा अभ्यासक्रम पूर्ण करून परीक्षा पास झालात की राज्याच्या नर्सिंग कौन्सिलमध्ये नोंदणी होते आणि तुम्ही नोंदणीकृत नर्स आणि नोंदणीकृत मिडवाइफ (प्रसूती करवणारी नर्स), म्हणजे आर.एन.आर.एम. होता.

बी.एस्सी. नर्सिंग ४ वर्षांची पदवी. इथं मात्र बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजी आणि इंग्रजी हवंच. पीसीबीत ४५ टक्के, एससी-एसटींना ४० टक्के. २०२१च्या नव्या अभ्यासक्रमापासून ही पदवी ८ सेमिस्टरची झाली आहे. पूर्ण झाल्यावर नोंदणी तीच होते, जी जीएनएमची होते.

पोस्ट बेसिक बी.एस्सी. २ वर्षांची. ही फक्त जीएनएम होऊन नोंदणी झालेल्यांसाठी. बी.कॉम. झालेल्यांना 'पोस्ट' हा शब्द बघून वाटतं की हे पदवीनंतरचं काहीतरी आपल्यासाठी आहे. ते 'पोस्ट' जीएनएमच्या पुढचं, तुमच्या बी.कॉम.च्या पुढचं नव्हे. ही पदवी झाली की एम.एस्सी.चा रस्ताही खुला होतो.

आता शेजारच्या मुलीचा हिशेब

तिची बारावी कॉमर्सची. म्हणजे बी.एस्सी.चं दार आज बंद. मग तिच्यासमोर दोन वाटा राहतात.

पहिली वाट: आता जीएनएम. २८ला आत, ३१ला बाहेर. पुढं पोस्ट बेसिक केलं तर ३३ला पदवी हातात.

दुसरी वाट: एनआयओएस या राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून पुन्हा बारावी, या वेळी सायन्स घेऊन. भारतीय नर्सिंग कौन्सिलच्या नियमांत मुक्त विद्यालयाची बारावी चालते, विषय सायन्सचे आणि इंग्रजी असलं की झालं. प्रात्यक्षिकं धरून त्यात साधारण एक वर्ष जातं. मग २९ला बी.एस्सी.ला प्रवेश, ३३ला पदवी.

मी हे रद्दीच्या कागदावर लिहून तिच्यापुढं ठेवलं. दोन्ही वाटा ३३ला येऊन मिळतात. पण मधली वर्षं बघा. पहिल्या वाटेवर ३१व्या वर्षी तिच्या हातात नोंदणी आहे. घरात काही अडचण आली, लग्न झालं, वडिलांची तब्येत बिघडली, तर ती तिथं थांबून नोकरी धरू शकते आणि पोस्ट बेसिक दोन वर्षांनी करू शकते. दुसऱ्या वाटेवर ३१व्या वर्षी ती बी.एस्सी.च्या मध्यावर असेल आणि त्या वेळी शिक्षण सुटलं तर हातात काहीच नाही. तरुणपणी, वडील कमावते असताना, हा फरक जाणवत नाही. घरचा ईएमआय आपल्याच पगारातून जात असेल तर हाच सगळ्यात मोठा फरक असतो.

म्हणून कॉमर्स-आर्ट्सवाल्या, २५ ओलांडलेल्या माणसाला मी जीएनएमच सांगते.

ज्यांची बारावी पीसीबीची आहे आणि ४५ टक्के आहेत, त्यांना मात्र याच्या अगदी उलट सांगते. तुम्ही सरळ बी.एस्सी.ला जा. ४ वर्षांत पदवी मिळते. जीएनएम आणि पोस्ट बेसिक मिळून ५ लागतात. सायन्स करूनही "वय झालं, डिप्लोमाच बरा" म्हणून जीएनएमला गेलेल्या दोघी माझ्याबरोबर शिकायला होत्या. दोघींनाही पुढं पोस्ट बेसिक करावं लागलं. जीएनएम बंद करून सगळं पदवीवर न्यायची चर्चा गेली अनेक वर्षं चालू आहे. ते होईल तेव्हा होईल, पण वारं कुठल्या दिशेचं आहे ते यावरून कळतं. नर्सिंग कौन्सिलच्या १९४७च्या जुन्या कायद्याची जागा घ्यायला २०२३मध्ये राष्ट्रीय नर्सिंग आणि मिडवाइफरी आयोगाचा कायदाही झाला आहे. पुढची दहा-वीस वर्षं याच कामात काढायची असतील तर आज ना उद्या पदवी लागणारच, हे धरून चाला.

सहा महिन्यांत नर्स?

इथं जरा थांबून वाचा, कारण पैसे बुडतात ते इथं. बसस्टँडच्या आसपास, क्लासच्या पाट्यांवर "नर्सिंग कोर्स, ६ महिने, नोकरीची हमी" असं लिहिलेलं दिसतं. हे कोर्स जनरल ड्युटी असिस्टंटचे, पेशंट केअरचे असतात. त्यातून मिळणारं काम प्रामाणिक आहे: पेशंटला आंघोळ घालणं, कूस बदलणं, स्ट्रेचर नेणं. वॉर्ड त्यांच्याशिवाय चालत नाही. पण ती माणसं नर्स नव्हेत, त्यांची नर्सिंग कौन्सिलमध्ये नोंदणी होत नाही आणि कितीही वर्षं काम केलं तरी त्या कोर्सवरून पुढं स्टाफ नर्स होता येत नाही. प्रश्न एकच विचारायचा: "हा कोर्स झाल्यावर माझी राज्य नर्सिंग कौन्सिलमध्ये आर.एन.आर.एम. म्हणून नोंदणी होईल का?" समोरचा "तसंच समजा" म्हणाला तर उठून या.

दुसरी फसवणूक याहून वाईट. "अटेंडन्सची गरज नाही, परीक्षेला तेवढं या" असं सांगणाऱ्या संस्था. नोकरी सांभाळून शिकायचंय म्हटल्यावर हे ऐकायला फार गोड लागतं. पण जीएनएम असो की बी.एस्सी., दोन्ही पूर्ण वेळचे आहेत, पत्रद्वारा होत नाहीत. वॉर्डात उभं न राहता मिळालेल्या कागदावर तुम्ही कुणाच्या तरी आईच्या हाताला सुई लावणार असता.

हद्दीवरच्या माणसाचे दोन रस्ते

आपल्याकडे, कर्नाटक-महाराष्ट्राच्या हद्दीवर, एक वेगळाच गुंता आहे. निपाणीच्या माणसाला बेळगाव ७५ किलोमीटर आणि कोल्हापूर त्याच्या जवळपास निम्मं. मग शिकायचं कुठं?

कर्नाटकात बी.एस्सी.च्या सरकारी कोट्याच्या जागा केसीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेतून, कर्नाटक परीक्षा प्राधिकरणामार्फत भरतात. त्यासाठी पहिलीपासून सेकंड पीयूपर्यंत किमान ७ वर्षं कर्नाटकात शिकलेलं असावं लागतं. शाळांची स्टडी सर्टिफिकेट काढून त्यावर बीईओंची (गटशिक्षणाधिकाऱ्यांची) सही घ्यावी लागते. शाळा सोडून दहा-पंधरा वर्षं झालेल्या माणसाला यातच तीन आठवडे जातात, म्हणून हे काम आधीच करून ठेवा. बहुतेक कॉलेजं बेंगळूरच्या राजीव गांधी आरोग्य विज्ञान विद्यापीठाला जोडलेली आहेत. बेळगावात केएलईचं अभिमत विद्यापीठ आहे, त्याची प्रवेशप्रक्रिया स्वतःची. महाराष्ट्रात बी.एस्सी.साठी राज्याची वेगळी सीईटी असते आणि विद्यापीठ नाशिकचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ.

जातीचा दाखला हद्दीपलीकडं त्याच अर्थानं चालत नाही. कर्नाटकात मराठा समाज ३ बी या मागास प्रवर्गात येतो. तो दाखला घेऊन महाराष्ट्रात आरक्षण मागता येत नाही. मात्र महाराष्ट्र सरकार ज्या ८६५ गावांवर दावा सांगतं, त्या सीमाभागातल्या मराठी मुलांसाठी तिथल्या काही अभ्यासक्रमांत वेगळी तरतूद असते. तुमचं गाव त्या यादीत असेल तर त्या वर्षीच्या नर्सिंग सीईटीच्या माहितीपुस्तिकेत हा रकाना आहे का, ते फॉर्म भरण्याआधी बघून घ्या.

प्रवासखर्चही बघा. जून २०२३ पासून शक्ती योजनेत कर्नाटकातल्या बायकांना राज्याच्या साध्या सरकारी बसमधून फुकट जाता येतं. खानापूर, हुक्केरी, संकेश्वराहून रोज बेळगावला येणाऱ्या बाईचे तीन वर्षांत यातून चांगलेच पैसे वाचतात. हद्द ओलांडली की ही सवलत संपते.

शिक्षण जिथं घ्याल तिथल्या कौन्सिलमध्ये पहिली नोंदणी. बेळगावात शिकून पुढं गडहिंग्लज, कोल्हापूर किंवा मुंबईला नोकरी धरायची झाली तर कर्नाटक कौन्सिलकडून ना-हरकत घेऊन महाराष्ट्र कौन्सिलची नोंदणी करावी लागते. होते, पण वेळ खाते. हातात ऑफर आल्यावर धावपळ करू नका, आधी अर्ज टाका.

आणि भाषा. इथं मी आडपडदा न ठेवता लिहिते. बेळगावात नर्सिंग करायचं तर कानडी बोलता आलंच पाहिजे. बैलहोंगल, गोकाक, सवदत्तीकडून आलेली आजी रात्री दोन वाजता "होट्टी नोवु" म्हणते तेव्हा तिचं पोट दुखतंय हे कळायला दुभाषा शोधत फिरता येत नाही. भाषेचा वाद वॉर्डाच्या दाराबाहेर. राज्य सरकारच्या नोकरीत तर कानडीची अट असतेच. मराठी शाळेत शिकलेल्यांना वाचन-लेखन जड जातं, म्हणून प्रवेश घेण्याआधीच्या मोकळ्या महिन्यांत ते सुरू करा. पुस्तकं आणि पेपर मात्र इंग्रजीत, जीएनएमचेही. शारीरशास्त्राची इंग्रजी नावं पहिले सहा महिने डोक्यात राहत नाहीत. मी वहीच्या डाव्या बाजूला इंग्रजी आणि उजवीकडे मराठी लिहून भांडी घासताना पाठ करायची.

गणिताची भीती बाळगू नका. त्या मुलीला मी तिथंच एक उदाहरण घातलं. डॉक्टरांनी लिहिलंय, ५०० मिलीची सलाइनची बाटली ४ तासांत जाऊ दे. सेट असा की २० थेंबांचा एक मिली. मिनिटाला किती थेंब सोडशील? तिनं बोटं मोडली नाहीत, कागदही घेतला नाही. ५०० गुणिले २० म्हणजे १०,००० थेंब, ४ तास म्हणजे २४० मिनिटं, भागिले केलं की ४१ पूर्णांक काहीतरी. "बेचाळीस," ती म्हणाली. बरोबर. मग घड्याळ धरून १५ सेकंदांत दहा-अकरा थेंब पडतात का ते मोजायचं आणि नळीवरचं चाक फिरवून थेंब कमीजास्त करायचे. तिचा चेहरा उजळला. पण त्यापुढचं मोजता येत नाही. पेशंट हात दुमडतो, थेंब थांबतात. सुई शिरेतून सरकली तर भोवतालचं कातडं ताणल्यासारखं, फुगलेलं आणि हाताला गार लागतं. ते गार लागणं पहिल्यांदा बोटांना कळतं. बोटांना ते शिकवण्यासाठीच ती तीन-चार वर्षं असतात.

वय आणि सरकारी नोकरी

केंद्र सरकारच्या एम्स रुग्णालयांतल्या नर्सिंग ऑफिसर पदासाठी जी नोरसेट परीक्षा होते, तिची वयोमर्यादा १८ ते ३०, ओबीसींना ३ आणि एससी-एसटींना ५ वर्षांची सवलत. जीएनएमवाल्यांना शिवाय ५० खाटांच्या दवाखान्यातला २ वर्षांचा अनुभव लागतो. ३१ला नर्स होणाऱ्या खुल्या गटातल्या माणसानं हे स्वप्न मनातून काढून टाकलेलं बरं. क्लासवाले हे सांगत नाहीत. राज्य सरकारच्या भरतीत कर्नाटकात सर्वसाधारणपणे खुल्या गटाला ३५, मागास प्रवर्गांना ३८, एससी-एसटींना ४० अशी मर्यादा असते. तिथं वाव आहे. उपकेंद्राच्या पातळीवर कम्युनिटी हेल्थ ऑफिसर हे पद बी.एस्सी. आणि पोस्ट बेसिकवाल्यांसाठी चांगलं आहे, जीएनएमवाल्यांना त्यासाठी सहा महिन्यांचा सामुदायिक आरोग्याचा कोर्स करावा लागतो. खासगी दवाखान्यांत वयाचं कुणी विचारत नाही. तिशीतली नवी नर्स त्यांना हवीच असते, कारण पेशंटच्या नातेवाइकांशी कसं बोलायचं ते तिला शिकवावं लागत नाही.

कॉलेज बघायला जाल तेव्हा लायब्ररी आणि इमारत शेवटी बघा. आधी विचारा: मुलं वॉर्डात कुठल्या दवाखान्यात जातात, तो कॉलेजचा स्वतःचा आहे की भाड्याचा, किती खाटा, त्यातल्या किती भरलेल्या असतात, इथून किती लांब आणि नेणार कोण. मग कॉलेजातल्या कुणालाही न सांगता त्या दवाखान्यात जाऊन बाकड्यावर तासभर बसा. गणवेशातली मुलं दिसतात का, ती पेशंटजवळ आहेत की जिन्यात, हे डोळ्यांनी बघा. शेवटच्या वर्षाच्या मुलींना गेटबाहेर गाठून विचारा, आतापर्यंत किती प्रसूतींत हात लावलाय.

फी विचाराल तेव्हा एकरकमी आकडा घेऊन उठू नका. ट्यूशन, हॉस्टेल, युनिफॉर्म, बस, विद्यापीठाची नोंदणी, परीक्षा, दवाखान्याची फी, सगळं वेगवेगळं लिहून घ्या, तिन्ही-चारही वर्षांचं. आणि मूळ मार्कशीट त्यांच्याकडे ठेवायला देऊ नका. पडताळणी झाली की परत घ्या. मी जिथं शिकले तिथं थोड्या बाकी फीसाठी माझी मार्कशीट चार महिने अडवून ठेवली होती, त्यामुळे नोंदणी लांबली आणि मिळालेली नोकरी गेली. मूळ कागद अडवणं आणि बाँड लिहून घेणं, दोन्हींना नर्सिंग कौन्सिलची मनाई आहे. हे मला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं.

शिकलेली वर्षं आणि मधली नोकरीची वर्षं यांत जे अंतर पडतं त्यासाठी स्टॅम्पपेपरवर गॅप अ‍ॅफिडेव्हिट लागतं. शेवटच्या कॉलेजची टीसी आणि मायग्रेशन सर्टिफिकेटही. एससी, एसटी, ओबीसी किंवा अल्पसंख्याक असाल तर कर्नाटकच्या एसएसपी (राज्य शिष्यवृत्ती) पोर्टलवर शिष्यवृत्तीचा अर्ज प्रवेश झाल्या झाल्या करा.

एवढं सगळं ऐकून ती मुलगी तो कागद घडी करून पर्समध्ये घालून गेली. आठ दिवसांनी तिच्या आईचा निरोप आला, पोरगी रोज रात्री कानडी अक्षरं गिरवायला बसते. आता तिनं जीएनएमचा फॉर्म भरलाय. फौंड्रीच्या मालकांना तिनं तीन महिने आधी सांगून ठेवलं आणि नव्या मुलाला टॅली शिकवून द्यायचं कबूल केलं. ते म्हणाले, मार्चएंडला हात लागला तर बोलावतो, रविवारचं येत जा. तीन वर्षांचा बसच्या पलीकडचा हातखर्च तिनं त्यात धरला आहे.